फलक

मी रंगारी. होड्यांवर नावं घालतो:
'दर्यासम्राट', 'आईचा आशीर्वाद', 'कर्जमुक्ती'.
तिसरी बँकेने ओढून नेली.
नाव मी पुसलं नाही. पुसण्याचे पैसे वेगळे.

गेल्या मे महिन्यात बोलावणं आलं
खाडीकाठच्या स्मशानशेडीचं.
पत्रे चढले होते, लोखंडी चौथरा बसला होता,
राहिला होता फक्त देणगीदारांचा फलक,
म्हणजे मुख्य काम.

भालचंद्र तारी, तीन ट्रॉलरांचा धनी,
गाडी असून उन्हातून चालत आला.
"माजा नाव पयला घाल. पन्नास हजार मोजलय."
मागोमाग दिगंबर मुणगेकर, निवृत्त हेडमास्तर,
देणगी पाचशे एक:
"अकारविल्हे घाल. लोकशाही आहे."
'द' येतो 'भ'च्या आधी, हे सांगावं लागलं नाही.
बाराखडी मला त्यांनीच शिकवली.

मी नावं गोलात लिहायची ठरवली,
कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही.
चार दिवस गाव खूश होतं.
मग कुणीतरी विचारलं, बारा वाजता कोण?

(तारी.)

दुबईहून घाडीबाईंच्या मुलाचा फोन:
आई आहे अजून, पण 'स्मरणार्थ' लिहून टाका,
पुन्हा पुन्हा यायला जमत नाही.
लिहिलं. घाडीबाई स्वतः बघायला आल्या,
पदराने चष्मा पुसला, वाचलं,
म्हणाल्या, "अक्षर बरा काढलस.
'स्मरणार्थ'चो काना तेवढो सुटलो."

पत्र्यांचे पैसे इब्राहिम होडेकरचे.
त्याचं नाव इथे कसं घालायचं, यावर
समितीच्या दोन बैठका झाल्या,
भजी झाली, मानवतेवर भाषण झालं,
आणि ठरलं: 'एक हितचिंतक'. सहा वाजता.
होडेकर म्हणाला, "पत्रो गळला नाय म्हणजे झाला."
फलक लागला त्या आठवड्यात
तो हितचिंतक आपणच, असं मला
सात जणांनी खाजगीत सांगितलं.
आठव्याने पावती मागितली.

मग अडलं उद्घाटन.
सभापती आले, फीत कापली, नारळ फुटला,
पण शेडीचं उद्घाटन काय फितीने होतं?
गाव मायेने बघू लागलं म्हाताऱ्यांकडे.
बाबल्या मेस्ताला साधा खोकला झाला
तर चौकशीला अकरा माणसं.
तो चिडून बरा झाला.

शेवटी समुद्राने सोय केली.
बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत
तारीच्या ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशी
जाळ्याच्या दोरात गेला.
नाव कुणाला ठाऊक नव्हतं,
पगाराच्या वहीत नुसतं 'नवा'.
गावात कुजबुज: पहिला मान परक्याला?
मी म्हटलं, खरंच की, अकारविल्हे
'न'च्या आधी 'द' येतो.
हेडमास्तर तत्परतेने म्हणाले,
मृत्यूपुढे कसले आलेत नियम.

लाकडं भिजलेली. धूर असा उठला
की पत्र्याला लागून फलकावर उतरला.
बारा वाजताचं नाव आधी गेलं,
मग अकरा, एक, दहा, दोन.
हितचिंतक राहिला स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी तारीचा माणूस आला:
शेठ म्हणतात, नाव उजळ करून टाक.
कुणाचं, ते मी विचारलं नाही.

गेलो, शिडी लावली, निळा कालवला.
जाता जाता कोपऱ्यातलं माझं नाव
आणि मोबाइल नंबर
दोन बोटांचे चार बोटं केले.
जागा मोक्याची आहे.
माणसं येतात, तास-दीड तास उभी असतात,
घड्याळ बघणं बरं दिसत नाही,
रडायला सगळ्यांनाच येत नाही,
वाचणार नाहीत तर करतील काय?